मामांची अकरा नाणी

माझ्या बायकोच्या मामांइतका नियमांवर जीव असलेला, आणि नियम वाचून इतका गोंधळात पडणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा सापडणार नाही. मामा नरडाण्याचे. नोकरी धुळ्याला, एका कचेरीत आवक-जावक विभागात झाली. आलेल्या कागदावर एक शिक्का, गेलेल्यावर दुसरा, असं तीस वर्षं केल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट नोंद न होता इकडून तिकडे गेलेली त्यांना सहन होत नाही. आमच्याकडे जळगावला एसटीने येतानासुद्धा पापडांच्या पिशवीत वरच एक चिठ्ठी असते: पापड, नागलीचे, दोनशे, घरगुती वापरासाठी. वाटेत कुणी विचारलं तर? अजून कुणी विचारलेलं नाही, याची त्यांना थोडी खंतच आहे.

मामी होत्या तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं. मामी शिवणकाम करायच्या आणि जमेल त्या गुरुपुष्यामृताला जळगावच्या एका ठरलेल्या सराफाकडून सोन्याचं एकेक ग्रॅमचं नाणं घ्यायच्या. अशी अकरा झाली. मग त्या आजारी पडल्या. मुलगी, आमची ताई, दुबईला, तिला आठवा महिना, विमानात बसायला डॉक्टरांची मनाई. आईची शेवटची भेट राहिलीच. दवाखान्यात मामी मामांना एवढंच म्हणाल्या, "नाणा पोरले तुम्ही सोता जाईसन द्या. कोनाहाती धाडू नका." मामांनी मान हलवली, आणि दिवसकार्य उरकल्यावर पासपोर्टचा अर्ज केला.

लोक दुबईहून सोनं आणतात, आणि हा माणूस जळगावचं सोनं दुबईला न्यायला निघालेला. माझा मेहुणा म्हणाला, तिथे स्वस्त मिळतं, तिथेच घेऊन द्या. मामा शांतपणे म्हणाले, "ते सोनं ऱ्हाई. हाई तिनं शे." तिथलं ते नुसतं सोनं, हे मामींचं.

आता सोनं परदेशी न्यायचे नियम. तिकीटवाला म्हणाला, जाताना कुणी विचारत नाही. सीए म्हणाला, येताना विचारतात, म्हणून जातानाच कस्टमचा दाखला घ्या. आखातात राहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, सूट दागिन्यांना आहे, नाण्यांना नाही. मामांनी तिन्ही मतं वहीत उतरवली आणि वही घेऊन माझ्याकडे आले. "जावईबापू, बठ्ठा लोके न्यारन्यारं सांगतस. मी कोनं ऐकू?" मी मोबाईलवर संध्याकाळभर वाचलं आणि होतं तेवढं समजेनासं झालं. दागिन्यांची सूट वर्षभर परदेशी राहून परत येणाऱ्यांना, असं मी वाचून दाखवलं, तेव्हा मामांनी गंभीरपणे विचारलं, की मग आधी वर्षभर तिथे राहावं लागेल का. शेवटी तोडगा सराफाने काढला. नाण्यांना कड्या लावून पुतळ्यांची माळ केली की झाला दागिना. मामांनी नाण्यांना भोक पाडू दिलं नाही, नुसत्या कड्या डाकवून घेतल्या. माळ झाली आणि नवी शंका निघाली: नियमात बाईला सोन्याचं वजन वेगळं, पुरुषाला वेगळं. ही माळ बाईची, प्रवासी पुरुष. दोन दिवस विचार करून मामांनी ती स्वतःच्याच गळ्यात घातली, सदऱ्याच्या आत.

मुंबईच्या विमानतळावर मी त्यांना सोडलं तेव्हा विमानाला सहा तास होते. आत गेल्याबरोबर ते आपणहून कस्टमच्या टेबलाशी गेले आणि सदऱ्याची बटणं सोडू लागले. अधिकारी तरुण होता, तो गडबडला. "काका, हा हार कुणाचा?"

"बायकोचा."

"त्या सोबत आहेत?"

"नाहीत. म्हणून तर मी घातलाय."

त्याने माळ हातात घेतली. वजन, फोटो, सराफाची कागदपत्रं बघून दाखला दिला: हा ऐवज इथून गेला आहे, परत आणल्यास कर नाही. मामांनी फोनवर मला तो दोनदा वाचून दाखवला, आनंदाने.

महिन्याने मी त्यांना आणायला गेलो. त्या विमानाचे सगळे प्रवासी बाहेर पडले, मामांचा पत्ता नाही. दीड तासाने आले, चेहरा उतरलेला. जळगावच्या गाडीत बसल्यावर सगळं कळलं. हे कस्टमची, काही दाखवायचं नसलेल्यांची हिरवी वाट सोडून लाल वाटेने गेले होते. काय आणलंय, असं साहेबाने विचारलं. काही नाही, हे म्हणाले, आणि दाखला पुढे केला. नेलेलं परत आणलेलं नाही, तशी नोंद करून घ्या. साहेबाने समजावलं, मोठ्या साहेबाने समजावलं, चहा पाजला. आणलं नाही तर नोंद कसली? मामांचं म्हणणं एकच, गेलेली वस्तू परत आली नाही, हे कुठेतरी लिहायला नको का? साहेबांनी काही लिहिलं नाही.

"ताईने घातली का माळ?" मी विचारलं.

"घाली. मग लई रडनी. माय गई तैपासून रडनी नव्हती."

मनमाड गेल्यावर त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं. दाखल्याच्या मागच्या बाजूला सुरेख अक्षरात लिहिलं: सांगितल्याप्रमाणे स्वतः जाऊन दिलं. खाली सही केली, तारीख घातली, कागदाची नीट घडी केली.

"जावईबापू," ते म्हणाले, "आते हाऊ कागद तिले कोठे धाडू?"