सहामाहीतच वाटलेली मिठाई

"मास्तर, टीबी आहे," धाराशिवच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी उजव्या बाजूला बोट ठेवलं. "ही कॅव्हिटी." कॅव्हिटी म्हणजे फुफ्फुसाला पडलेला खड्डा. आमच्या ह्यांनी मान खाली घातली. मी विचारलं, "साहेब, बुजतो का हा?"

"बुजतो. पण दवा पुरी करायची. मधेच सोडली तर तीच दवा पुन्हा लागू पडंल याची हमी मी देणार न्हाय."

हे बोलणं मी पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. त्याआधी आमच्या कळंबात हा रोग झाला म्हणजे माणूस गेल्यात जमा. हे शाळेत मास्तर. आम्ही ख्रिस्ती, आणि रविवारी मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चात, पेटीवर बसून भजन उचलायचं ते ह्यांनीच. खोकला, संध्याकाळची कणकण, सगळं अंगावर काढलं. रुमालाला रक्त लागलं तेव्हा कुठं एसटीत बसले.

औषध होतं स्ट्रेप्टोमायसिन. म्हणजे रोज टोचायचं इंजेक्शन, सोबत गोळ्या. सुई कळंबच्याच दवाखान्यात मिळायची. ह्यांचं ताट-तांब्या मी वेगळं केलं, ते रोज उकळून घ्यायची. थुंकायला राखेचा डबा. आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं. रोगापेक्षा तेच ह्यांना जास्त लागलं.

काही महिन्यांत ताप गेला, खोकला गेला, गालावर मांस आलं. मी खूश होते. मग तो रविवार उजाडला.

आमच्यात साक्ष द्यायची रीत आहे. देवानं ज्याला तारलं त्यानं मंडळीसमोर उभं राहून ते सांगायचं. हे उठले आणि म्हणाले, "प्रभूनं मला पूर्ण बरं केलं." लोक रडले. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मिठी मारली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

सोमवारी मी म्हटलं, "चला, सुईची वेळ झाली."

"अगं, काल साक्ष दिली. आज मला दवाखान्यात कुणी बघितलं तर? साक्ष खोटी पडेल. प्रभूच्या नावाला बट्टा लागेल."

मी भांडले, रुसले, चूल पेटवली नाही. वर मंडळीतले दोघं मलाच शिकवायला आले, "बाई, तुमचा विश्वास कमी पडतोय." मी म्हटलं, "का, पायलीनं मोजून बघितला काय?" पण मास्तर हलले नाहीत.

पावसाळा सरता सरता खोकला परत आला. एका सकाळी तोंड धुताना तस्त लाल झालं. तेव्हा मी विचारत बसले नाही. हाताला धरून एसटीत घातलं.

डॉक्टरांनी नवी फिल्म बघितली. खड्डा वाढला होता. ते रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "आता पहिल्यापासनं सुरू करू. लागू पडती का, ते बघावं लागंल."

बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर हे म्हणाले, "देवानं माझी लाज काढली."

मी म्हटलं, "देवाच्या माथी कशाला मारता? एवढे मास्तर तुम्ही, कधी सहामाहीवर पोराला वरच्या वर्गात बसवलंय? आणि स्वतः मात्र सहामाहीतच पास झालो म्हणून मिठाई वाटली."

ह्यांना हसू आलं आणि हसण्यातनं खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "मग वार्षिकापर्यंत बसावंच लागणार म्हण."

"बसा. मी आहे शेजारी. आणि ज्याच्यासाठी एवढी लाज वाटतीय, तोही आहे."

त्या बाकड्यावर मला एक गोष्ट कळली. दुखणं काढून घेणं एवढंच देवाचं काम नसतं. दुखण्यातनं माणूस घडवायला त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ आपण त्याला द्यायचा असतो.

पुढच्या रविवारी हे दाराजवळूनच, तोंडाला रुमाल धरून बोलले. "मी बरा झालेलो नाही. पुन्हा रोज सुई घेतोय. ही सुई मला प्रभूनंच दिली, आणि ही वाटही त्याचीच आहे. मला दवाखान्यात बघाल तेव्हा प्रार्थना करा." सोमवारी दवाखान्याच्या दारात पाळकसाहेब आमच्या आधी येऊन उभे होते.

औषध लागू पडलं, पण सावकाश. सुईनं कंबर दगडासारखी झाली, कानात गुणगुण राहिली. दुसरा पावसाळा येऊन गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "खड्डा बुजला. मास्तर, गावा आता, पण दमानं."

तुमच्या घरात हे दुखणं आलं तर माझं ऐका. प्रार्थना करा आणि सुईही चुकवू नका. दोन्ही एकाच हातनं येतात.

खड्डा बुजल्यानंतरच्या रविवारी सगळ्यांना वाटलं, मास्तर साक्षीला उठणार. हे उठले नाहीत. सरळ पेटीवर जाऊन बसले आणि भजन उचललं. आवाज निम्मा राहिला होता. वरच्या ओळीला श्वास पुरेना, हे मधेच थांबले, तेव्हा ती ओळ अख्ख्या मंडळीनं उचलली. ह्यांचे हात पेटीवर चालूच होते, आणि डोळ्यांतनं पाणी गळत होतं.