पडलेला पोळा

आमच्या घरी पोळा पडला होता. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना माझी दमछाक होते, तरी सांगते. ज्या सणाच्या दिवशी घरातलं माणूस जातं, तो सण त्या घराला पडतो. मग त्या दिवशी पुरण शिजत नाही, दाराला तोरण लागत नाही, सगळ्या गावाचे बैल वाजतगाजत निघतात आणि आपले गोठ्यात बांधलेले राहतात. सण उठतो कधी, तर नेमक्या त्याच दिवशी त्याच घरात लेकरू जन्मलं किंवा गाय व्याली तर. नाही तर पडूनच. कोणी केला हा नियम, मला विचारू नका. मी एकदा आईला विचारलं होतं, तिनं असं पाहिलं की मी मुकाट्यानं भांडी घासायला लागले.

माझा धाकटा भाऊ पोळ्याच्या दिवशी गेला. बैलांच्या शिंगांना गुंडाळायला बेगड लागते, चमकणारा रंगीत कागद असतो तो. ती आणायचं तो आदल्या दिवशी विसरला होता. बाबांनी सकाळी सकाळी त्याला झापलं आणि गाडीवर देवळीच्या बाजारात पिटाळलं. येताना अपघात झाला. याच्या पुढचं मला अजून नीट सांगता येत नाही, आणि आमच्या घरात तर कोणीच कधी सांगत नाही. बाबांनी त्या दिवसापासून बेगडीचा ब काढला नाही की मुलाचा म.

वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, तेव्हा दिवस गेलेले होते. पुढं भाची झाली. वहिनी गावातच अंगणवाडीत काम करते, आईबाबांजवळ राहते. आणि ही भाची म्हणजे पक्की वकील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी नंदीबैल सजवतात, दोरी धरून घरोघर फिरवतात, लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून काहीबाही ठेवतात. भावाचा लहानपणचा नंदी आमच्या माळ्यावर होता, चार चाकांचा, एक कान तुटलेला. तो तिनं कधीतरी पाहिला आणि तेव्हापासून दरवर्षी तिचा एकच हट्ट. दरवर्षी बाबा नाही म्हणायचे. तेही तोंडानं नाही, नुसते उठून वावरात जायचे.

ह्या वर्षी तिनं मला गाठलं. मी वर्ध्याला राहते, सुटीला माहेरी गेले होते. "आत्या, साऱ्याईच्या घरी पोळा असते. आपल्याच घरी काऊन नाई?" मी तिला सगळा नियम सांगितला. लेकराला असलं सांगू नये हे मला नंतर कळलं, पण माझ्या तोंडाला कुलूप नाही. तिनं एवढंच ध्यानात ठेवलं की गाय व्याली की झालं. आमची गाय गाभण होतीच. मग काय, शाळेतून आली की दप्तर फेकायचं आणि गोठ्यात जाऊन गाईच्या कानात सांगायचं, पोळ्यालेच व्याजो, आधी नोको, मंग नोको. वहिनी हसायची आणि डोळे पुसायची, दोन्ही एकदमच.

गाय आठवडाभर आधीच, माझी सुटी संपायच्या आत, व्याली. गोऱ्हा झाला, कपाळावर पांढरा टिळा, दृष्ट लागावी असा. भाची गाईशी बोलेना. गोऱ्ह्याकडं बघेना. आणि बाबा गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवत होते तेव्हा त्यांचाही चेहरा मी पाहिला. ते कबूल करायचे नाहीत, पण म्हाताराही त्या गाईच्या भरवशावर बसला होता. दोघांचाही चेहरा सारखाच पडलेला.

पोळा दोन दिवसांवर आला असताना बाबा वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात डोळे दाखवायला आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तपासणी होती. मी तिथल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, आता संध्याकाळपर्यंत धूसर दिसेल, एकटं जाऊ देऊ नका म्हणाले. माझी ड्यूटी संपत आली होती, मीच बाबांना घरी पोचवणार होते. पण त्या शनिवारी पोरांच्या फिल्म क्लबचा सिनेमा होता, हॉलची चावी माझ्याकडं, सिनेमा संपल्याशिवाय माझी सुटका नाही. असा राग आला मला. शेवटी काळ्या चष्म्यासकट बाबांना मागच्या रांगेत बसवलं आणि शेजारी मी बसले.

सिनेमा डच. म्हणजे हॉलंडचा. भाषा डच, खाली अक्षरं इंग्रजी, आणि बाबांना त्या दिवशी हत्तीही धड दिसला नसता. मला कानात सांगत बसावं लागलं. सपाट मुलूख, जिकडं तिकडं पाणी, सायकली, मळकट आभाळ. एक घर. नवरा, बायको, आणि त्यांचा मुलगा वारलेला. तो कसा वारला हे सिनेमा सांगतच नाही. नवरा अंगणातल्या खोपटात झोपतो. बायको एकच कप धूत बसते. पोरं खोकायला लागली. बाबा मात्र त्यांच्या नेहमीच्या, वावरातल्या आवाजात चौकश्या करत होते. एवढ्या मोठ्या खिडक्या आणि पडदे काऊन नाहीत यांच्या घराला? पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं वळून पाहिलं, मी तिला हात जोडले.

त्या लोकांच्यात एक रीत आहे. घरच्यांच्या, नातलगांच्या वाढदिवसांचं एक कॅलेंडर असतं, ते संडासाच्या भिंतीला टांगतात. रोज नजरेला पडावं, कोणाचा दिवस विसरू नये म्हणून. संडासात, असं बाबा मोठ्यांदा म्हणाले आणि अख्खा हॉल हसला. त्या कॅलेंडरवर मुलाचं नाव होतं. बापानं त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवली. आईनं ती काढली. त्यानं परत चिकटवली. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत, नुसती ती पट्टी लागते आणि निघते. इथं बाबांनी प्रश्न विचारणं बंद केलं. मी कानाशी लागले तर मलाच म्हणाले, तू गप राह्य, मले समजून राह्यलं.

शेवटी तो दिवस येतो. त्यांच्याकडं वाढदिवसाला अभिनंदन फक्त ज्याचा वाढदिवस त्याचं करत नाहीत, आईबापाचं, आजीचं, घरातल्या सगळ्यांचं करतात. त्या घरात त्या दिवशी कोणीच येणार नसतं. येणार तरी कसं आणि म्हणणार काय? तर मुलाची म्हातारी आजी सायकलला केकचा डबा अडकवून, कोणी बोलावलं नसताना येते. आत येऊन सुनेचा हात धरते आणि काहीतरी म्हणते.

बाबांनी माझ्याकडं मान वळवली. ती अभिनंदन म्हणते आहे, मी सांगितलं. मुलाचा वाढदिवस आहे ना.

"पोरगं त मेलं ना थ्यायचं?"

"हो. तरी म्हणते."

पडद्यावर ती आई उभीच्या उभी राहते. मग बाप खोपटातून येतो आणि एक खुर्ची ओढून म्हातारीला बसायला देतो. संपला सिनेमा. दिवे लागले. पोरं पुढं जमून चर्चा करायला लागली, दु:खाच्या पायऱ्या वगैरे. मी एकाला चावी सोपवली आणि बाबांना घेऊन सटकले.

बाहेर चहाच्या टपरीजवळ बाक होता, तिथं बसलो. बाबांनी चष्मा काढला. थेंबांनी डोळे लाल झाले होते, की थेंबांनी नव्हते, मी विचारलं नाही. त्यांनी चहाचा ग्लास हातात घेतला. मग म्हणाले, त्या लोकांचाही सण पडला होता. मी हो म्हणाले. त्यांची गाय नाही व्याली, ते म्हणाले. मी म्हटलं, बाबा, त्यांच्या घरी गायच नाही. ह्यावर आम्ही दोघंही हसलो. बापलेक मिळून शेवटचं कधी हसलो होतो ते मला आठवेना.

हसणं थांबलं तसं त्यांनी विचारलं, "मंग म्हातारीले कोनं सांगतलं होतं?"

"कोणीच नाही. आपल्या मनानं आली."

"मीच धाडलं होतं त्याले बेगडीसाठी," ते म्हणाले. "शिव्या देऊन धाडलं."

इतकी वर्षं ज्या वाक्याच्या भोवती आम्ही सगळे पाय जपून चालत होतो, ते असं टपरीवर, चहाच्या ग्लासांच्या खणखणाटात बाहेर पडलं. मला रडू फुटलं. रडता रडता मला त्यांचा रागही आला, आमच्या सगळ्यांचाच आला. मी म्हणाले, "बाबा, पोळ्याच्या दिवशी गावातले सारेच पोट्टे बेगड आनाले जातात. सारेच बाप धाडतात. शिव्या देऊनच धाडतात." मी वर्ध्याला राहून प्रमाण भाषा बोलते, पण तेव्हा तोंडातून आमचीच बोली आली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उरलेला गार चहा पिऊन टाकला.

बसनं देवळीला उतरलो. तिथून गावाला दुसरी गाडी घ्यायची असते. मी तिकडं निघाले तर बाबा बाजाराच्या बाजूला वळले. सणाचा बाजार भरला होता, झुली, घुंगरमाळा, बाशिंगं, लाकडी नंदी. एका दुकानापुढं ते थांबले. त्यांना अजून नीट दिसत नव्हतं. रंग तू पाह्य, म्हणाले. मी सोनेरी बेगड उचलली. नाही, लाल घे, ते म्हणाले, त्याले लाल पाहिजे होती. दुकानदारानं गुंडाळी करून दिली आणि ती त्यांनी सदऱ्याच्या आत, छातीशी धरली.

घरी आल्यावर ती गुंडाळी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. आईनं सोडून पाहिली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल, नियम काढेल, लोक काय म्हणतील म्हणेल. आई खालीच बसली. बाबा परत आले तेव्हा एवढंच म्हणाली, "मी त कवाचीच वाट पाहून राह्यली होती." आम्ही सगळे गाईची वाट पाहत होतो आणि ही बाई बाबांची. वहिनी आतून कात्री घेऊन आली आणि बेगडीच्या पट्ट्या कापायला बसली. पट्ट्या वाकड्या जात होत्या, तरी तिनं कात्री कोणाला दिली नाही. भाचीनं तेवढ्यात माळ्याला शिडी लावली होती. तिला कोणी अडवलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात, तिथं लोणी आणि हळद चोळतात, आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. सण पडल्यावरही बाबा खांदे मळतच होते, बैलांचा काय दोष. पण आवतन नाही. ते काम भावाचं होतं, लहानपणापासून. तो ते अशा आवाजात द्यायचा की सगळ्या आळीला ऐकू जायचं.

त्या संध्याकाळी बाबांनी दोन्ही बैलांचे खांदे मळले. हात हळदीनं पिवळे झाले. मग आवतन द्यायला ते बैलांपुढं उभे राहिले. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. आम्ही सगळ्या दारात. मला वाटलं, झालं, परत फिरला म्हातारा. त्यांनी भाचीला जवळ बोलावलं.

"तुह्या बापाचं काम होय हे," ते म्हणाले. "आता तू म्हन."

ती बैलांकडं बघते, आजोबांकडं बघते. तिला येतच नव्हतं. येणार कुठून? तिच्या जन्मापासून ह्या गोठ्यात ते कोणी म्हटलंच नव्हतं. मग बाबांनाच शिकवावं लागलं. खाली वाकून, एकेक शब्द, त्यांनी सांगितलं, "आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

तिनं पुटपुटून म्हटलं. बैल रवंथ करत राहिले.

"जोरानं," बाबा म्हणाले. "तुहा बाप लय जोरानं म्हने."

मग ती अशी ओरडली की गोऱ्हा दचकून गाईच्या आडोशाला पळाला आणि भिंतीपलीकडच्या गोठ्यातून कोणीतरी हसून ओ दिली. बाबा तिथंच बैलाच्या खांद्यावर डोकं टेकून रडले, मोकळ्या आवाजात, साऱ्या आळीला ऐकू जाईल असे. वहिनीनं गोऱ्ह्याला धरून परत दाव्याला बांधलं. आई आत गेली, आणि थोड्या वेळानं तिनं आतून विचारलं, पुरणाची डाळ किती टाकू?