शेषेरावांची शिसारी आणि पुनमचा दाखला

लोह्याच्या अलीकडच्या एका गावात शेषेराव राहतात. त्यांना गावात कुणी चहाला बोलवत नाही. वैर नाही, भाऊबंदकी नाही. बोलावून उपयोग नाही, एवढंच. शेषेराव येतात, बसतात, पिकापाण्याचं बोलतात, आणि चहा आला की कप उजेडाकडे धरून त्याच्या काठाला काही चिकटलंय का ते बघतात. तेही घरच्या बाईसमोर! मग कप खाली ठेवून म्हणतात, "राहू द्या वैनी, आत्ताच घेतला." आता कोणती बाई दुसऱ्यांदा आधण ठेवील?

हा स्वभाव काही म्हातारपणाचा नव्हे. त्यांच्या स्वतःच्या लग्नात, निलंग्याकडं, ते भरल्या पंगतीतून उठले होते. नवरदेव उठला म्हटल्यावर मांडवात रडारड सुरू झाली. सासऱ्याला वाटलं, घड्याळ दिलं नाही म्हणून रुसले. तो फेटा काढून जावयाच्या पायावर ठेवायला निघाला, तेव्हा शेषेराव नाकाला उपरणं लावून म्हणाले, "घड्याळाचं काय न्हाई हो मामा, बुंदी! त्यो माणूस शिंकला आन त्याच हातानं बुंदी वाढाय लागला!" तो माणूस म्हणजे नवरीचा सख्खा मामा. त्या गावात शेषेरावांना अजूनही 'बुंदीवाले पाव्हणे' म्हणतात.

अशा माणसाची थोरली लेक पुनम नर्स झाली. लातूरला शिकली, नांदेडच्या दवाखान्यात लागली, आणि दवाखान्यातल्या मैत्रिणींच्या नादानं जर्मन भाषेचा क्लास लावून पास झाली. तिला ऑस्ट्रियातल्या एका दवाखान्यानं नोकरी देऊ केली. सगळं जमलं होतं. फक्त महिन्याच्या अखेरीला मुंबईत व्हिसाची तारीख होती, आणि त्या दिवशी जन्माचा दाखला सरकारी शिक्क्यांनिशी समोर ठेवायचा होता. तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि दवाखाना काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. तिच्या मागं रांग होती.

पुनमला ड्युटीवरून सुट्टी मिळेना, म्हणून कागदाचा जिम्मा शेषेरावांनी घेतला. नांदेडला मन्मथअप्पाचं दुकान होतं, परदेशी जाणाऱ्यांची कागदं करून देणारं. मन्मथअप्पानं त्यांना नीट समजावून सांगितलं.

"काका, आपल्या ग्रामसेवकाची सही त्या देशाला कशी ओळखू येणार? म्हणून तिच्यावर मुंबईचा साहेब सही करतो. त्या साहेबाची सही खरी म्हणून दिल्लीचं परराष्ट्र खातं मागच्या बाजूला स्टिकर मारतं. त्याला अपोस्टिल म्हणायचं."

"आन त्या खात्याची सही खरी हाय, हे कोण सांगतं?"

"तिथं थांबतं काका. कुठंतरी थांबावंच लागतं की."

शेषेरावांचं अर्धं लक्ष बोलण्यात आणि अर्धं मन्मथअप्पाच्या बोटात होतं. हा माणूस दर कागद उलटताना बोट जिभेला लावायचा. कुणाकुणाची पदवी, कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, सगळ्यांना ह्याची थुंकी. दुसऱ्या खेपेला शेषेरावांनी बाजारातून ओल्या स्पंजाची डबी विकत आणून त्याच्यापुढं ठेवली. मन्मथअप्पाला भारी कौतुक वाटलं. त्यानं डबी कॅलेंडराखाली शोभेला मांडली, आणि बोट जिभेला लावून पुढचा कागद उलटला.

पहिला दाखला मेहुण्यानं, ग्यानोबानं, आधीच काढून पाठवला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा पुनमचा जन्म निलंग्याकडच्या त्याच बुंदीच्या गावचा आणि नोंदही तिथलीच. दाखला घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, केवळाबाईनं, काय करावं? तिनं जे दर चांगल्या कागदाचं केलं तेच केलं. देव्हाऱ्यापुढं पाटावर ठेवला आणि चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावली. लग्नपत्रिका असो, नव्या ट्रॅक्टरचं पुस्तक असो, पोरीच्या वहीचं पहिलं पान असो, केवळाबाईची बोटं चुकली नाहीत. हळद घरच्या रानातली, घरीच शिजवलेली, तिचा रंग काय सांगावा! शेषेराव शेजारी हात जोडून उभे होते. त्यांच्या मतानं त्या कागदाच्या नशिबात तेवढं एकच स्वच्छ काम झालं. मन्मथअप्पालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याच्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनवर दसऱ्याचं कुंकू तसंच होतं.

कागद मुंबईला गेला आणि तसाच परत आला.

"काका, खिडकीवरनंच फेकला," मन्मथअप्पा फोनवर म्हणाला. "कागद खराब झाला म्हणतेत. डाग चालत न्हाई."

"डाग? अरे डाग कशाला म्हणतो? हळदीकुंकू हाय ते!"

"मी सांगितलं की. तो म्हणला, मला कसं कळावं हळद हाय का भाजीचा रस्सा?"

भाजीचा रस्सा! शेषेरावांचा घास तोंडातच फिरला. त्यांनी कागद घरी आणला तेव्हा केवळाबाई रडवेली झाली. तिला वाटलं, आपल्या हातानं पोरीचं नशीब अडलं. शेषेराव सोप्यात उभे राहून त्या खिडकीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, तोवर तिनं गुपचूप कपड्याच्या साबणात फडकं भिजवून कोपरे पुसले. हळदीला साबण लागला की काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण घाईत सुचतं कुणाला? पिवळी बोटं लालभडक झाली. चारी कोपऱ्यांना जणू कोंबडं कापलं.

"आता हे दावलं तर पोलीसच येतेल," शेषेराव म्हणाले.

"मी जाते माहेराला. नवीन आणते," केवळाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली.

"तुझं गुडघं ऐकतेल का? मीच जातो."

आता लोह्याहून अहमदपूर, अहमदपूरहून लातूर आणि लातूरहून निलंगा. एसटीच्या खिडकीच्या बाहेरून आधीच्या उतारूंनी उलट्यांचे आणि गुटख्याचे ओघळ सोडलेले. शेषेराव हात मांडीवर ठेवून, कशालाही न टेकता, खांबासारखे ताठ बसून गेले. लातूरच्या स्टँडवर त्यांना लघवीला लागली. ते मुतारीच्या दारापर्यंत गेले, आत एकदा बघितलं आणि परतले. निलंग्याच्या पुढं रानात गाडी पंक्चर झाली म्हणून सुटका झाली, नाहीतर काय झालं असतं ते देवालाच ठाऊक. सगळी गाडी चालकाला शिव्या घालत होती. शेषेराव तेवढे तुरीच्या आडून हसत आले.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक ईश्वरप्पा भेटला, हेच नवल. त्याच्याकडं आणखीही गावं होती आणि तो प्रत्येक गावाला दुसऱ्या गावी असायचा. माणूस मोठा प्रेमळ. गालात गुटख्याचा तोबरा, म्हणून बोलताना हनुवटी वर करून बोलायचा, गळू नये म्हणून.

"बर्री, बर्री, कूडरी पाव्हणं!" सीमेवरचं गाव, तिथं माणसाला बसवतात ते कन्नडात. खुर्चीवर कबुतराची विष्ठा वाळलेली होती. शेषेराव उपरणं घालून बसले.

"साहेब, लेकीचा जन्मदाखला पायजे. लई घाई हाय. परदेशी चालली."

"आपल्या गावची लेक परदेशी? मग तर आधी चहा!"

"चहा नगं साहेब. उपास हाय."

"उपासाला चहा चालतो की."

"पित्त होतं."

"पाव्हणं," ईश्वरप्पा हनुवटी खाली आणून गंभीरपणे म्हणाला, "गावचा जावई ग्रामपंचायतीतनं कोरडा गेला तर गाव मला ठेवील का? बुंदीचं तुमचं ऐकलंय मी. पण चहात कोण शिंकतंय? तुम्ही चहा घ्या, मी प्रिंट काढतो."

दारात बसलेली दोन म्हातारी माणसं खदखदून हसली. जावई चहा कसा टाळतो ते बघायला ती पुढं सरकून बसली.

चहा आला. शिपायानं आधी ग्लास धुतले, ते शेषेरावांनी दारातून बघितलं. बादलीतलं पाणी चहापेक्षा दाट होतं. त्यानं त्यात बोटं घालून ग्लास फिरवले आणि तीच बोटं आत ठेवून चारही ग्लास एका मुठीत उचलून आणले. वर साय, सायीवर माशीचा पंख की चहाची पत्ती, ते त्यांनी उजेडात धरून ठरवलं असतं. पण ईश्वरप्पा बोट कळफलकावर धरून त्यांच्याकडंच बघत थांबला होता. ग्लास ओठाला लागल्याशिवाय ते बोट खाली येणार नव्हतं.

शेषेरावांनी डोळे मिटले. पुनमचं नाव घेतलं आणि औषध घेतात तसा ग्लास घशात ओतला. आत गेलेला चहा पुन्हा वर आला, तो त्यांनी दात आवळून दुसऱ्यांदा गिळला.

"हाव! ह्याला म्हणतेत जावई!" म्हातारे म्हणाले. खटखट करून मशीन चाललं, दाखला बाहेर आला. कोरा, पांढरा, करकरीत. शेषेरावांना आयुष्यात कागद इतका देखणा कधी वाटला नव्हता. तेवढ्यात लाइट गेली.

ईश्वरप्पानं सही केली आणि शिक्का उचलला. पॅड वाळलेलं. मग त्यानं शिक्का तोंडाजवळ नेला आणि, सगळे करतात तसं, त्यावर जोरात वाफ सोडली. "हाऽऽ!"

तोंडात तोबरा होता, हे तो विसरला.

शिक्का उमटला, आणि त्याच्या शेजारी एक लालसर थेंबही. तुरीच्या डाळीएवढा.

शेषेराव ताडकन उठले. "साहेब… थेंब उडाला."

ईश्वरप्पानं वाकून बघितलं, अंगठ्यानं पुसलं. थेंबाची शेपटी झाली. "शिक्क्याची शाई म्हणतेल पाव्हणं. कोण इचारतंय?"

"दुसरा काढून द्या की. हात जोडतो. हळदीपायी एक परत आलाय."

"देतो की, न्हाई कुठं म्हणलं? पण लाइट आता रातीपस्तोर न्हाई, आन उद्यापसनं माझं ट्रेनिंग हाय. पुढल्या बाजाराला या."

पुढला बाजार म्हणजे महिन्याची अखेर हातातून जाणार. शेषेरावांनी उपरण्याचं टोक डागावर दाबून ओल टिपून घेतली, मग ते टोक फाडून तिथंच फेकलं, आणि कागद चिमटीत, कोपऱ्याला धरून उचलला. एवढं होऊन निघताना "येतो साहेब, उपकार झाले" असं म्हणावं लागलं, ते वेगळंच. ते म्हणताना तोंडात चहाची चव होती.

नांदेडला मन्मथअप्पानं दाखला उलटून पालटून बघितला. "हळद न्हाई ना ह्या खेपेला?"

"न्हाई."

"मग झालं," म्हणाला आणि पाकिटाला जीभ लावून ते चिकटवलं.

घरी केवळाबाईनं कितीदा विचारलं, "कागद नीट हाय ना?" शेषेराव नुसती मान हलवायचे. कुठल्या तोंडानं सांगायचं, की तू लेकराच्या कागदाला देवाची हळद लावलीस ती फेकली, आणि आता पुढं गेलंय ते एका माणसाच्या तोंडातलं? जेवताना त्यांना तो डाग डाळीत दिसायचा. त्यांनी डाळ सोडली. आठवडाभर नुसतं दही-भाकरीवर काढलं. केवळाबाईला वाटलं, पोरीसाठी नवस धरलाय.

कागद आला. मुंबईच्या साहेबाची सही होती, मागं दिल्लीचा स्टिकर होता. डाग होता तिथंच होता. मुंबईला दिसला नाही, दिल्लीला दिसला नाही. त्या साहेबाचा गोल शिक्का तर त्याच्या शेपटीवरच बसला होता. शेषेरावांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदालाही कसला तरी वास मारत होता.

पुनम नांदेडहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेली. दुसऱ्या दिवशी शेषेराव अंगणातल्या बाजेवर मोबाइल पुढ्यात ठेवून बसले. केवळाबाई उंबऱ्यात. दुपार कलताना फोन वाजला.

"आबा, झालं! कागदं घेतली सगळी. दवाखान्याचा पण मेल आला, जागा पक्की म्हणून."

शेषेरावांनी एकदा उंबऱ्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दाखला बघितला का त्यांनी? नीट?"

"बघितला की. स्टिकर बघितला, फाइलीत लावला."

"म्होरून न्हाई बघितला? शिक्क्यापाशी?"

"का हो? काय हाय तिथं?"

मग त्यांना राहवलं नाही. चहा, तोबरा, वाफ, थेंब, सगळं सांगितलं. "म्हंजे बघ, एवढ्या जणांनी सह्या केल्या खरं-खोटं बघायला, आन कुणी बघितलंच न्हाई! थुंकी गेली की गं साता समुद्रापार! आन तुझ्या आईची हळद…"

पलीकडून पुनम हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज ओला झाला.

"आबा, तुम्ही चहा पिला? त्या बादलीतला?"

"पिला. गिळला दोनदा."

"माझ्यासाठी?"

"मग काय ईश्वरप्पासाठी?"

"आबा, मी तिथं काय काम करणार, माहीत हाय का तुम्हाला? म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड हाय. उठता न येणारी माणसं. त्यांचं हागणं-मुतणं काढायचं, अंग पुसायचं, कवळ्या धुवायच्या."

शेषेरावांनी फोन कानापासून जरा लांब धरला. कवळ्या!

"तुला शिसारी न्हाई येत?"

"येते की. तुमचीच लेक हाय मी. येऊ द्यायची, आन हात चालू ठेवायचा."

तिची लोकल आली होती, तिनं फोन ठेवला. केवळाबाई उंबऱ्यातून विचारत होती, "काय म्हणली? अहो, काय म्हणली?" शेषेरावांनी घशाशी आलेलं कसंबसं खाली लोटलं, आणि तोंडावर उपरणं धरूनच म्हणाले, "चालली बघ पोरगी."