परक्यानं ऐकलं का?

आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात मध्यंतरी बातमी उठली, की शेजारचा भारत निमोण्यात दुसरा संसार मांडतोय. दर गुरुवारी कंपनीला सुट्टी, की हा इस्त्रीचा शर्ट घालून निमोण्याची जीप धरतो. दुसरं काय असणार? बातमी पसरवण्यात माझा थोडाफार हात होता, कबूल करतो. शेवटी त्याच्या बायकोनंच, गौतमीवहिनींनी, मला दारात गाठलं. "भावजी, तिचं नाव रंभा हाय. वय पंच्याहत्तर. भाकरीचा डबा मीच बांधून देते."

रंभाबाई गाणी रचतात. साठी उलटल्यावर त्या सही करायला शिकल्या, त्यावरही त्यांचं एक गाणं आहे. आणि भारत फिटर. पण असे गायक हुडकायचे, फोनवर रेकॉर्ड करायचे आणि आपल्या चॅनेलवर टाकायचे, हा त्याचा जुना नाद. पूर्वी फोनवर एक गाणं लावलं की शेजारी चार अनोळखी गायकांची नावं दिसायची. त्यातनं लातूरचा एखादा मास्तर चुकतमाकत आमच्या गायकापर्यंत पोचायचा, खाली दोन ओळी लिहायचा. त्या ओळी भारत गायकाच्या घरी जाऊन वाचून दाखवायचा. आता फोन तीच ती वीस डीजेची गाणी फिरवत बसतो. रंभाबाईंचं नाव टाकून शोधलं तरी आधी डीजेच हजर.

सहीचं गाणं तीन महिन्यांत सत्तावीस वेळा वाजलं. त्यातलं निम्मं भारतनंच वाजवलं. आमची भिंत एकच आहे, मला सगळं ऐकू येतं. रंभाबाई मात्र दर गुरुवारी विचारायच्या, "कुणी परक्यानं ऐकलं का रं?" नात्यातल्यांचं कौतुक त्या हिशेबात धरत नसत. भारतला खोटं बोलता येत नाही. "अजून न्हाई, मावशी," म्हणायचा आणि तोंड पाडून परत यायचा. एका गुरुवारी तर गेलाच नाही.

मग तळेगावच्या बाजारादिवशी त्यानं रजा टाकली आणि निमोण्याच्या जीपवाल्या जालिंदरला गाठलं. जालिंदरनं फोनवर गाणं लावलं. ते संपलं तसा फोननं आपणहून डीजे सुरू केला. दुसऱ्या फेरीला भारत पेनड्राइव्ह घेऊन आला, त्यात फक्त आपले गायक. शिवाय पुढच्या सीटवर बसून प्रत्येक गाण्याआधी गायकाचं नाव, गाव सांगायला लागला.

"आप्पा," जालिंदर म्हणाला, "लोकांना वाटतंय तुमी चेकिंगला आलाय."

असे चार बाजार गेले. पाचव्या बाजाराला वरवंडहून माहेरी आलेली एक बाई जीपमध्ये होती. तळेगाव आलं तरी ती उतरेना. "माझ्या सासूबाई अजून अंगठाच उठवत्यात, त्यांना हे ऐकवायचंय," म्हणाली, आणि बाजार सोडून त्याच जीपनं भारतबरोबर परत निमोण्याला गेली. रंभाबाईंनी तिला उंबऱ्यातच थांबवून विचारलं, "तू आमच्या कुणाची लागत न्हाईस ना?" खात्री पटली तेव्हा चहा टाकला आणि सगळं गाणं भारतकडून वहीत उतरवून घेऊन तिला दिलं.

त्या दिवशी भारत शीळ घालत घरी आला. मला कुठं राहवतंय. म्हटलं, "जीपमध्ये चौदा माणसं कोंबायची आन् त्यांना गाणी ऐकवायची. पळून जाता येत न्हाई म्हणून ऐकत्यात ती."

भारत म्हणाला, "तुझ्या घरात रोज एकच गाणं चार-चारदा वाजतंय. ते तू निवडलंस, का फोननं?"