उघडी पिन, टोक वर

सावकाश डॉक्टर हे नाव त्यांना घरच्यांनीच ठेवलं होतं. सगळ्यांची जेवणं आटोपून भांडी घासायला पडायची, तरी यांचं निवांत चर्वण चालूच. बायको म्हणायची, "तुमच्या हाती पेशंट सुखरूप, पण भाजी गार." इस्पितळातल्या नर्सबाईंनी ते नाव उचललं आणि मग ते चिकटलंच. डॉक्टरांना त्याचं काही वाटत नसे. मुलांच्या घशात अडकलेल्या वस्तू काढण्यात त्यांची हयात गेली होती. घाईने काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

त्या सकाळी दोन वर्षांची मुलगी आली. लाळ गळत होती, घोटभर पाणीही उतरत नव्हतं. एक्सरेत अन्ननलिकेत सेफ्टी पिन दिसली. उघडी, टोक वर. अशी पिन सरळ ओढली तर नळी फाडत येते आणि जिवावर बेततं. तिला आधी खाली जठरात ढकलायची, तिथल्या ऐसपैस जागेत उलटी करायची आणि मग टोक मागे ठेवून वर आणायची.

डॉक्टरांनी तशीच एक पिन मागवली. भूल देणाऱ्या बाई तयारी करेपर्यंत ती रबरी नळीत घालून ते चिमट्याने फिरवत बसले. मुलीचे वडील बसड्रायव्हर, घड्याळाशी लग्न लागलेला माणूस. त्यांचा पारा चढला.

"इथं आमचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही खेळत काय बसलात?"

"आत चुकायची सोय नाही," डॉक्टर म्हणाले, "म्हणून इथं चुकून घेतोय." आणि पुन्हा चिमटा घातला.

भुलीने पोर गाढ झोपली. दुर्बिणीतून डॉक्टरांनी पिन हलकेच खाली लोटली, उलटवली आणि स्प्रिंगच्या बाजूने धरून वर काढली. नळीवर साधा ओरखडाही नव्हता. भूलवाल्या बाईंना आनंदाने हसू आवरेना.

बाहेर वडिलांनी हात जोडले. आई मात्र भिंतीला टेकून उभी होती. लाळेरं तिनंच त्या पिनेने अडकवलं होतं. शुद्धीवर आलेल्या मुलीला नर्सने आणलं, तशी आई मागे सरली.

"तिच्या बाबांकडे द्या. माझ्या हातांचा भरवसा नाही."

वडील पुढे झाले. पोरीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बसक्या आवाजात रडत ती सरळ आईकडे झेपावली, आणि त्याच हातांनी तिला वरच्यावर झेललं.