पाठीवरची चेन

बारकीला बारकी म्हणायचे ते तीन बहिणींत ती धाकटी म्हणून. अंगापिंडाने ती थोरलीपेक्षा चांगली वीतभर उंच होती. पण कपड्यांच्या बाबतीत उंचीला कोण विचारतो? थोरलीचा फ्रॉक मधलीकडे आणि मधलीचा बारकीकडे, हा त्या घरचा शिरस्ता. तिच्या अंगावर येईपर्यंत त्या फ्रॉकचे काठ विरलेले असत, बटणं तीन रंगांची झालेली असत आणि खिशात कुणाची तरी गोळी विरघळून कायमची बसलेली असे. तिने तोंड वाकडं केलं की आई म्हणायची, "अगं, दोघींना इतका शोभला म्हणून तर जपून ठेवला तुझ्यासाठी!"

तेव्हा तेविसाव्या वर्षी, नोकरीसाठी परक्या गावी राहायला आल्यावर, बारकीने स्वतःसाठी नवा कोरा ड्रेस घेतला ही साधी गोष्ट नव्हती. बाटलीसारखा हिरवा रंग, गुडघ्यापर्यंत लांबी आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत एक लांबलचक चेन. दुकानातल्या मुलीने ती सर्रकन वर ओढली आणि म्हणाली, "मापच घेतलंय जणू!" बारकी आरशात बघतच राहिली. मागून कोणीतरी 'काढ आता, माझा नंबर' असं म्हणेल, अशी तिला उगाचच धास्ती वाटत होती.

ड्रेस घ्यायला निमित्तही तसंच होतं. बारकी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. दिवसभर मान खाली घालून गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, दिव्याच्या ज्योतीवर सुरी तापवून हिरड्या गुळगुळीत करायच्या. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी आणि अंगावर मेणाचे डाग पडलेला एप्रन. लॅबमधल्या मंडळींनी शनिवारी संध्याकाळी गच्चीवरच्या एका हॉटेलात नाचगाण्याला जायचं ठरवलं, तेव्हा साचे ओतणारा प्लास्टरवाला तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "तू येणार ना? नाही, म्हणजे, वर्ष झालं, तुझं कपाळ सोडून आम्ही काही बघितलेलं नाही."

त्याच्या भुवया प्लास्टरने पांढऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे तो थट्टा करतोय की काय ते कळेना. बारकीने हातातला सुळा उलटा बसवला आणि म्हणाली, "येणार."

शनिवारी ती दुपारपासूनच तयारीला लागली. केस धुतले, वाळवले, मनासारखे बसेनात म्हणून पुन्हा ओले केले. काजळ एका डोळ्यात जाड झालं म्हणून दुसऱ्यातही जाड केलं. मग ड्रेस घातला, हात मागे नेऊन चेन ओढली. कमरेपासून ती शहाण्यासारखी वर आली आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध थांबली.

माणसाच्या पाठीवर एक जागा अशी असते, की तिथे स्वतःचा हात ना वरून पोचतो ना खालून. बारकीला ही जागा आजवर माहीतच नव्हती, कारण आजवर मागे कोणीतरी बहीण उभी असायची. तिने खालून हात घातला, वरून घातला, भिंतीला पाठ घासली. शेवटी चेन कशीबशी खाली आणून तिच्या पट्टीला दोरा बांधला, तो खांद्यावरून पुढे घेतला आणि दात-ओठ खाऊन ओढला. चेन आधीच्या जागेपेक्षा दोन बोटं वर गेली आणि आतलं अस्तर दाढेत घास धरावा तसं धरून रुतून बसली. आता ती वरही जाईना आणि खालीही येईना.

तिने थोरलीला व्हिडिओ कॉल लावला. थोरलीने मधलीलाही त्यात ओढलं.

"पाठ दाखव," थोरली म्हणाली. "वळ. अगं, छताला काय दाखवतेस?"

"रंग छान आहे गं," मधली म्हणाली. "मला कसा दिसेल?"

"मेणबत्ती घास चेनीवर."

"मेणबत्ती कशाला? पोट आत घे म्हणावं, आपोआप सरकेल."

"पोटाचा काय संबंध? चेन पाठीवर आहे!"

"पोट आत गेलं की पाठही आत जाते."

"तू शाळेत काय शिकलीस गं?"

दोघींची अशी जुंपली की बारकीला मध्ये शब्द टाकायला फट मिळेना. तिने फोन पलंगावर उताणा ठेवला, शाल पांघरली आणि समोरचं दार ठोठावलं.

समोर बस चालवणारे काका राहायचे. त्यांनी घास तोंडात असतानाच दार उघडलं.

"काकू आहेत का?"

"बहिणीकडे गेलीय. का गं?"

बारकीने मान खाली घालून काय झालं ते सांगितलं. काकांचा घास घशाशी अडला. जन्मभर चार रस्त्यांच्या गर्दीतून बस काढणारा माणूस, पण कपाळावर घाम आला. ते म्हणाले, "थांब, हात धुतो." हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग बाहेर येऊन, डोळे गच्च मिटून म्हणाले, "कुठे आहे ते सांग, मी बघणार नाही."

"काका, बघितल्याशिवाय कसं ओढणार?"

"मग एकच डोळा उघडतो."

एक डोळा उघडून त्यांनी चेनीची पट्टी चिमटीत धरली आणि गिअर टाकावा तसा हिसका दिला. कट्‌ असा आवाज आला. काकांनी हात पुढे आणला. चिमटीत पट्टी होती, आणि चेन जागच्या जागी.

"तुटली," ते इतक्या खोल आवाजात म्हणाले, की बारकीलाच त्यांची समजूत घालावी लागली.

आता उरल्या खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई. त्यांच्यापुढे जायचं बारकीच्या अगदी जिवावर आलं होतं. खोली देताना त्यांनी तिला समोर बसवून नियम ऐकवले होते: मोठ्याने गाणी नकोत, भिंतीला खिळे नकोत, जिन्यात चपला नकोत. नाचायला जायचं असेल तर काय, हे त्यात नव्हतं. पण त्यांचा चेहरा बघून बारकीने त्याचाही अंदाज बांधला होता.

मालकीणबाईंनी चष्मा नाकावर सरकवून पाठीची तपासणी केली.

"कुठे निघालीस?"

"जरा बाहेर... लॅबमधल्या लोकांबरोबर."

"बाहेर म्हणजे?"

"नाचायला," बारकीने सांगून टाकलं. होऊन जाऊ दे एकदाचं.

मालकीणबाई आत गेल्या, पक्कड, कात्री आणि सुईदोरा घेऊन आल्या. पक्कडीने ओढताच चेनीचे चार दात उडून फरशीवर पडले.

"ही चेन मेली," त्या म्हणाल्या. "सरळ उभी राहा. शिवते."

"अंगावरच?"

"मग काय, भिंतीवर शिवू? श्वास घे. सोड. आता हलू नकोस. हललीस तर तुझी तू जबाबदार."

त्यांनी हिरवा दोरा ओवला आणि मानेपासून खाली टाके घालायला सुरुवात केली. हात मोठा सफाईदार होता. बारकी खांबासारखी उभी राहिली. शेवटचा टाका झाला, गाठ मारली, आणि कात्री लांब टेबलावर राहिली म्हणून मालकीणबाईंनी दोरा दातांनी तोडायला झटका दिला.

दोरा तुटला. सोबत वरची कवळीही निसटली.

दोरा तुटताच बारकी वळली होती. रोजच्या कामाने हाताला सवय लागलेली. काय होतंय ते डोक्यात शिरायच्या आत तिने कवळी हवेतल्या हवेत झेलली. मालकीणबाईंनी पदर तोंडावर धरला. बारकीला कवळी परत द्यायची होती, पण हात आपोआप दिव्याकडे वळला. तिने ती उलटी करून बघितली, कडेवरून अंगठा फिरवला आणि न राहवून विचारलं, "काकू, डावीकडे टोचते ना?"

पदराआडून आलं, "फार."

"इथली कड जास्त ठेवलीय. घासून देते सोमवारी. जेवताना खाली येत असेल."

"जेवताना नाही, हसताना येते," मालकीणबाई म्हणाल्या.

त्या कधी का हसत नाहीत, हे बारकीला त्या क्षणी कळलं. तिने कवळी धुऊन दिली. त्यांनी पाठ फिरवून ती बसवली आणि पुन्हा पहिल्यासारख्या कडक आवाजात म्हणाल्या, "जा आता. आणि वाकू नकोस."

ती पोचली तेव्हा मंडळी नाचून घामाघूम झाली होती. प्लास्टरवाला भुवया धुऊन आला होता आणि त्या काळ्याभोर निघाल्या होत्या. तिला तो आधी ओळखूच आला नाही. त्यानेही तिला ओळखलं नाही. शेवटी तिने हाताने नाक-तोंड झाकून दाखवलं, तेव्हा तो "अरे, तू!" म्हणून ओरडला. मग दोघं नाचले. त्याला ताल नव्हता आणि तिला वाकता येत नव्हतं. तिचा ताठपणा बघून लॅबच्या हिशेबनीसबाईंनी तर तिला विचारलं, "नाच शिकलीयस का गं कुठे?" बारकी म्हणाली, "थोडाफार."

घरी परतली तेव्हा मालकीणबाईंचा दिवा मालवलेला होता. त्यांना उठवायची हिंमत होईना. ती ड्रेससकट पालथी झोपली.

सकाळी दार वाजलं. मालकीणबाई कात्री घेऊन उभ्या होत्या.

"यातच झोपलीस? उठवायचं नाही मला? बघ, कसा चुरगळलाय!" त्यांनी तिला खिडकीकडे वळवलं आणि टाके कापायला घेतले. "चेन नवी बसवून घे. लोखंडी घे, ही असली प्लास्टिकची नको."

"हो काकू."

"आणि नाचलीस का, की नुसतीच उभी होतीस?"

"नाचले."

"कोणाबरोबर?"

बारकी खिडकीबाहेर बघू लागली. मालकीणबाईंनी जास्त विचारलं नाही. टाका टाका उसवत गेल्या, आणि शेवटचा सुटला तेव्हा बारकीने रात्रीपासून अडवून धरलेला श्वास इतक्या जोरात सोडला, की मालकीणबाईंना हसू आलं. त्यांनी घाईघाईने तळहात तोंडावर दाबला आणि तसंच हसत राहिल्या.