या आठवड्यातली तीन पुस्तकं

या आठवड्यात घरात तीन पुस्तकं आली आणि खरं सांगायचं तर एकाचाही मला आनंद झाला नाही. आमच्याकडे पुस्तक आलं की ते मला वाचावं लागतं, आणि तेही मोठ्यानं. बाबांचे डोळे काचबिंदूनं गेले त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात ते आठ मी त्यांना वाचून दाखवते. दिवसभर बाबा त्या एका तासाची वाट बघत असतात आणि मी तो तास संपायची. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आता लपवून तरी काय करायचं?

पहिलं पुस्तक शनिवारी निजामपुऱ्यातल्या रद्दीवाल्याकडून आलं. मी दुकानावरून मान खाली घालून चालले होते, तरी त्यानं गाठलंच. "टीचर, ये बाबा के लिए अलग रखा है," म्हणत त्यानं धरणाखाली गेलेल्या गावावरची एक जाडजूड कादंबरी माझ्या हातात ठेवली. तिचं वजन हातात पडलं आणि माझा चेहरा उतरला असणार, कारण तो घाईघाईनं म्हणाला, "अच्छी है, पूरे पन्ने हैं, देख लो." दुसरं पुस्तक माझ्या शाळेतल्या एका बाईंनी दिलं. त्या वज्रेश्वरीहून येतात, बाबांची चौकशी करतात, आणि एका नर्सबाईंनी लिहिलेल्या आठवणी त्यांनी मोठ्या मायेनं पिशवीतून काढून दिल्या. तिसरं मी स्वतः विकत घेतलं. ते पक्ष्यांवर आहे. पक्ष्यांत मला काडीचा रस नाही, पण पुस्तक पातळ होतं. माझ्यासारखी मराठी शिकवणारी बाई आता पुस्तकं जाडी बघून निवडते, इथवर मजल गेली आहे.

घरात आलेलं पुस्तक आधी बाबांच्या हातात द्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. ते एक पान चिमटीत धरून चोळून बघतात. "कागद बरा हाय," किंवा "लय हलका वापरलाय गो," असा निकाल देतात आणि मगच पुस्तक घरचं होतं. चाळीस वर्षं ते एका पॉवरलूम कारखान्यात चेकर होते. लूमवरून उतरलेलं कापड उजेडाच्या टेबलावरून ओढायचं, कुठं तार तुटली असेल, वीण विरळ झाली असेल, तर त्या जागी काठाला एक दोरा बांधायचा. म्हणजे पुढच्या माणसाला ताग्याची घडी न मोडता कळतं की दोष कुठं आहे. नंतर त्या घड्या मोजायच्या. मोजताना ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायचे. ती सवय अजून आहे. मी वाचत असते तेव्हाही त्यांचा अंगठा पेरांवरून फिरत असतो. मला वाटायचं, नामस्मरण चाललंय.

आमच्या सगळ्या पुस्तकांना मांजरपाटाची कव्हरं आहेत. कारखान्यातून येताना बाबा कापडाचे उरलेले तुकडे आणायचे, आई ते पुस्तकांना शिवायची. आई गेल्यावर मी शिवते, पण माझी शिलाई अशी की दोन महिन्यांत कडा उसवतात आणि सुतं लोंबायला लागतात. मी अधूनमधून कात्री घेऊन ती छाटते.

आता मूळ गोष्टीवर येते. दीडेक वर्षापासून मी वाचताना पानं गाळायला लागले होते.

माझी शाळा अंबाडी गावाच्या पुढं आहे. सकाळी दोन गाड्या बदलून जायचं, संध्याकाळी दोन बदलून यायचं. मध्ये कंटेनर अडकला की सगळ्यांनी त्याच्या मागे बसून राहायचं. शाळेत शिकवण्यापेक्षा माहिती भरून पाठवायचं काम जास्त. घरी येईपर्यंत जीव मेटाकुटीला आलेला असतो. भाकऱ्या टाकायच्या, बाबांची औषधं बघायची, आणि सात वाजले की खुर्चीतून आवाज येतो, "काय गो, बसतेस ना?"

पहिल्यांदा गाळलं ते एका आमराईचं वर्णन. साडेतीन पानं नुसते आंबे. माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं पोहत होती. मी ती सगळी पानं एकदम उलटली आणि पुढचं वाक्य धरलं. बाबा काही बोलले नाहीत. मग मी सरावले. कुठलं वर्णन सोडलं तर चालेल, कुठल्या वाक्याला कुठलं जोडलं तर सांधा दिसणार नाही, हे मला बघता क्षणी कळायला लागलं. मध्ये आपलं एखादं "तेवढ्यात" किंवा "दुसऱ्या दिवशी" घालायचं की झालं. या हातचलाखीचा मला थोडा अभिमानही वाटायचा. आंधळ्या बापाला शेंडी लावायची आणि वर त्याची ऐट, असा सगळा प्रकार. शिवाय आमच्या घरामागेच लूम चालतात. त्यांच्या खटखटीत पान किती उलटलं हे कुणाला कळणार, असं मी धरून चालले होते.

फोनवर पुस्तकं ऐकायला मिळतात, तीही मी लावून दिली होती. गोड आवाजाच्या बाई, एकही चूक नाही, दमणं तर नाहीच. बाबांनी दोन दिवस ऐकलं आणि फोन परत केला. म्हणाले, "पान उलटल्याचं ऐकू येत न्हाय त्यात." मी कपाळावर हात मारला. आता वाटतं, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

शुक्रवारी शाळेला स्थानिक सुट्टी होती. शुक्रवारी लूमही बंद असतात, त्यामुळे गल्लीत शांतता होती. तीन नवी पुस्तकं ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी वाचून झालेली पुस्तकं फळीवरून उतरवून पिशव्यांत भरायला घेतली, माळ्यावर टाकण्यासाठी. आमराईचं पुस्तक हातात आलं. खालून नेहमीसारखं एक सूत लोंबत होतं. कात्री लांब होती म्हणून मी ते ओढलं, तर ते कव्हरातून आलंच नाही. पानांच्या मधून आलं.

पुस्तक उघडलं. दोरा निघाला होता तिथंच ते आपोआप उलगडलं. आंबे. साडेतीन पानं आंबे.

मी दुसरं पुस्तक घेतलं. त्यात चार दोरे होते. एकेका दोऱ्याशी उघडत गेले. कुठं वादळाचं वर्णन, कुठं एका म्हाताऱ्याचं लांबलचक पत्र, कुठं लग्नाची पंगत. सगळी मी न वाचलेली. एकही दोरा चुकीच्या जागी नव्हता. तिसऱ्या पुस्तकात नुसतीच खालून छाटलेली सुतं होती, पानांच्या आत अडकलेली. ती कात्री माझीच.

वाचून झालं की बाबा पुस्तक मागून घ्यायचे आणि जेवण वाढेपर्यंत मांडीवर धरून बसायचे. खुर्चीशेजारी सूत गुंडाळलेला पुठ्ठ्याचा एक जुना कोन असतो, त्याच्याशी त्यांच्या हाताचा चाळा चालू असायचा. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि म्हणायचे, बरंय, तेवढाच विरंगुळा. ते काय करत होते ते आता कळलं. दोन पानं एकदम उलटल्याचा जड आवाज त्यांना ऐकू यायचा. तिथून पुढं मी किती पानं उलटली ते पेरांवर मोजायचे. नंतर त्या दिवशीचं वाचन थांबलं तिथं मी घातलेल्या खुणेपासून तेवढी पानं मागे जायचं आणि तिथं दोरा घालायचा. चाळीस वर्षं लूमच्या आवाजात माणसांचं बोलणं ऐकत आलेल्या माणसापुढं मी त्याच आवाजाच्या आड लपत होते.

लाज वाटायला हवी होती, पण आधी राग आला. मी ते पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, हे दोरे तुम्ही घातलेत?"

"हो."

"दीड वर्ष? एक शब्द न बोलता? सरळ सांगायचं होतं ना तोंडावर, की तू फसवतेस म्हणून. मी इथं मरमर मरते आणि तुम्ही माझे फॉल्ट काढत बसलात? मी काय कापड आहे तुमच्या टेबलावरचं?"

आवाज फार चढला होता. बाबांनी हात पुढं केला, मी पुस्तक दिलं. त्यांनी ते उघडलं नाही, नुसतं मांडीवर ठेवलं.

"फॉल्ट न्हाय गो," ते म्हणाले. "तुझा आवाज दमलेला असायचा. मला वाटायचं, बरं झालं, सोडलंन. आज लवकर पाठ टेकंल."

"मग दोरे कशाला?"

"मला गोष्ट कळत होती. माझं काय आडलं न्हवतं. पण तुझं वाचायचं रायलं ना ते." त्यांचा अंगठा कव्हराच्या उसवलेल्या काठावरून फिरत होता. "लहानपणी तू असलीच वर्णनं मला परत परत वाचून दाखवायचीस. गोष्ट बाजूला ठेवून. मी म्हटलं, रिटायर होईल, निवांत बसेल, तवा कुठून वाचायचं ते घावलं पायजे तुला. मी असेन, नसेन. म्हणून घातले."

लहानपणी मी वर्णनं वाचायचे, हे मी साफ विसरले होते. ती मुलगी कुठं गेली ते मला माहीत नव्हतं, आणि बाबा तिच्यासाठी जागा धरून बसले होते. मी तिथंच खाली जमिनीवर बसले आणि रडले. बाबांनी समजूत वगैरे घातली नाही. माझं डोकं चाचपून त्यावर हात ठेवला आणि विचारलं, "चहा टाकतेस का?"

चहा झाला. पुस्तकं पिशव्यांतून काढून मी पुन्हा फळीवर लावली. नवी तिन्ही टेबलाखाली सरकवली, राहू देत तिथं काही दिवस. छाटलेल्या सुतांतली जी चिमटीत आली ती जरा बाहेर ओढून ठेवली. काही हाती लागलीच नाहीत.

सात वाजता बाबांनी विचारलं, "कुठलं घेतेस? धरणाचं का पक्ष्यांचं?"

"आंबे," मी म्हटलं.

त्यांनी हसून मान डोलावली. मी वाचायला लागले. मागचे लूम बंद होते, त्यामुळे माझाच आवाज मला ऐकू येत होता. चांगलं लिहिलं होतं. मोहोराचा वास, आढीतल्या गवताची ऊब, पाडाला लागलेल्या फळाचा रंग. दुसऱ्या पानावर बाबांची मान कलली. त्यांचा अंगठा पेरांवर थांबला होता, आता मोजायचं काही कारण नव्हतं. एरवी ते असे झोपले असते तर मी तिथल्या तिथं पुस्तक मिटून उठले असते. आज मी वाचत राहिले, मोठ्यानंच.

दोन पानं झाली. पुढं डोळे मिटायला लागले, आणि अजून दीड पान शिल्लक होतं. याच पुस्तकातून निघालेला दोरा माझ्या हातातच होता. तो मी तिथं घातला आणि कात्री लागू नये म्हणून खालून चांगला बोटभर बाहेर सोडला.